फ्रंट ॲक्सलचं सील बदललं तरी गळतंय? मग या क्रमाने तपासा

पुढच्या चाकांनाही जोर जाणारे पिकअप आणि हलके ट्रक, म्हणजे फोर बाय फोर गाड्या, यांच्यासाठी हे लिहितोय. पुढच्या डिफरेन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीतून, शाफ्ट जिथे बाहेर पडतो तिथे गिअर ऑइल अडवायला एक रबरी सील असतं. ते गळायला लागलं की बहुतेक जण थेट सीलच बदलतात. गळती थांबते आणि थोड्या दिवसांनी ओघळ परत येतो. मग नवं सील डुप्लिकेट निघालं म्हणून दुकानदाराला शिव्या. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा गाड्यांत सील वाईट निघाल्याची उदाहरणं फार थोडी. ते खराब करणारं कारण गाडीत तसंच राहिलेलं असतं: ब्रीदर (हवेची जा-ये होण्याची वाट) तुंबलेला, ऑइल जास्त भरलेलं, बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, किंवा शाफ्टवर पडलेला चर. म्हणून सीलला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

लक्षणं

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढच्या भागाखाली दाट, तपकिरी, चिकट ठिपके दिसतात. वास उग्र, गंधकासारखा. हा वास एकदा नाकात बसला की पुन्हा विसरत नाही.

ठिपके नेमके कुठे पडतात ते नीट बघा, कारण त्यावरून अर्धं निदान होतं. तुमच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेंशन असेल तर डिफरेन्शियल गाडीच्या मधोमध चासीला टांगलेलं असतं आणि दोन बाजूंनी दोन सीव्ही शाफ्ट, म्हणजे वाकणाऱ्या सांध्यांचे दांडे, चाकांकडे निघतात. तिथे ओघळ शाफ्ट डिफरेन्शियलमध्ये शिरतो त्या जागी सुरू होतो. गाडी चालताना शाफ्ट फिरतो आणि ऑइल गोल फेकलं जातं, त्यामुळे आजूबाजूच्या चासीवर, पाइपांवर एक ओलसर पट्टा उमटतो.

पुढे सलग ॲक्सल, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत एकच आडवी नळी, असेल तर मात्र फसायला होतं. आतलं सील डिफरेन्शियलच्या अगदी जवळ, नळीच्या आत खोल असतं. ते गळलं की ऑइल नळीतून वाहत बाहेरच्या टोकापर्यंत येतं आणि चाकाजवळ, नकलवर, म्हणजे चाकाला धरून वळवणाऱ्या भागावर, टपकतं. बघणाऱ्याला वाटतं हबचंच (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) सील गेलंय. हब खोलून सील बदललं जातं, गळती मात्र आहे तशीच.

नकल गोलाकार, बंद प्रकारची असेल तर आणखी एक खूण मिळते. त्या गोळ्यात ग्रीस भरलेलं असतं. आतलं सील गेलं की गिअर ऑइल त्यात मिसळतं आणि घट्ट ग्रीसचं काळं, पातळ कालवण होऊन गोळ्याच्या कडेने बाहेर येतं.

बाकीची लक्षणं उशिरा दिसतात. टायरच्या आतल्या भिंतीवर ऑइलचे शिंतोडे, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणं, आणि पातळी फार खाली गेली असेल तर पुढून घुंईऽऽ असा वेग वाढेल तसा चढणारा आवाज. आवाजापर्यंत गोष्ट गेली असेल तर सीलचा विषय बाजूला ठेवा. आधी ऑइल काढून बघावं लागेल, त्याबद्दल खाली येईलच.

आधी खात्री करा, हे गिअर ऑइलच आहे ना

याला खर्च शून्य. पांढऱ्या फडक्याने ओघळ टिपा आणि बोटांत चोळून बघा. गिअर ऑइल दाट असतं, त्याचा वास मी वर सांगितला तसा. पातळ, निसरडं आणि पाण्यात मिसळून जाणारं द्रव असेल तर तो ब्रेक ऑइलचा प्रकार आहे. तसं दिसलं तर गाडी जागची हलवू नका, कारण ते काम ब्रेकचं आहे आणि ते आधी करायचं. वास नसलेला, लोण्यासारखा घट्ट काळा थर चाकाच्या आत गोल उडालेला असेल तर सीव्ही शाफ्टचा रबरी बूट फाटलाय. बूट फाटलेल्या गाड्या सील गळतंय म्हणून इतक्या वेळा येतात की मी आता गाडीखाली शिरलो की आधी बुटाच्या चुण्या पसरून बघतो. चीर बहुधा चुणीच्या तळाशी असते आणि चाक सरळ असताना दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मग ती तोंड उघडते.

इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही वाऱ्याने मागे, खाली येऊन ॲक्सलवर बसतं. ॲक्सलच्या वरची बाजू ओली आणि खालची कमी ओली असेल तर गळती वरून येतेय असं समजा.

शंका उरली तर सगळा भाग डीग्रीझरने किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धुऊन कोरडा करा. गॅस्केटच्या जोडावर, ड्रेन प्लगभोवती आणि शाफ्टच्या तोंडाशी टाल्कम पावडर फुंकरा. १०-१५ किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि लगेच टॉर्चने बघा. पावडरीत पहिली ओली रेघ जिथे उमटली असेल तिथूनच गळती आहे. डिफरेन्शियलच्या कव्हरचं गॅस्केट किंवा ड्रेन प्लगचा वॉशर गळत असतो आणि ऑइल केसिंगच्या कडेने सरकत सीलखाली येऊन थेंब धरतं, हे या पावडरीने तिथल्या तिथे उघडं पडतं. तसं निघालं तर प्लगचा वॉशर बदलायचा, कव्हरचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून बघायचे, आणि काम संपलं.

ब्रीदर

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी आणि सगळ्यात जास्त वेळा दोषी निघणारी वस्तू. ॲक्सलच्या नळीवर किंवा डिफरेन्शियलच्या वरच्या अंगाला एक छोटी टोपी असते, किंवा एक रबरी नळी वर इंजिनच्या खोलीपर्यंत नेलेली असते. ॲक्सलमधली हवा तापली की तिथून बाहेर पडते, गार झाली की आत येते.

ही वाट बंद झाली तर काय होतं बघा. २० अंशांवरचा गार ॲक्सल चालून ८० अंशांपर्यंत तापला, तर कोंडलेल्या हवेचा दाब साधारण एक पंचमांशाने वाढतो, म्हणजे ०.२ बार, तीन पीएसआयच्या आसपास. आकडा लहान वाटतो. पण साध्या लिप सीलची, म्हणजे ज्याची ओठासारखी पातळ रबरी कड शाफ्टवर टेकते त्या सीलची, रचना दोन्ही बाजूंना जवळपास सारखा दाब गृहीत धरूनच केलेली असते. आतून दाब आला की लिप शाफ्टवर जास्त जोराने दाबली जाते, तापते, कडक होते आणि मग तडकते. तोवर ऑइलही लिपखालून ढकललं जात असतंच.

उलटंही घडतं. तापलेला ॲक्सल पाण्यात उतरला की आतली हवा झटक्यात आकसते, आत निर्वात तयार होतं आणि तेच सील पाणी आत ओढून घेतं. पाण्यातून गाडी काढल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर माझा हात पहिल्यांदा ब्रीदरकडेच जातो.

नळी असेल तर ती ॲक्सलकडच्या टोकाला सोडवा आणि तोंडाने फुंका. हवा विनासायास जायला हवी. कुंभारमाशीने मातीचं घर करून नळी बुजवलेली मी पाहिली आहे. टोपी असेल तर ती बोटाने फिरते-हलते का बघा, रॉकेलमध्ये भिजवा, हवा मारा, तरी मोकळी होत नसेल तर नवी लावा. नळी कुठे चासीत चेपली गेलेली नाही ना, तेही बघा.

ब्रीदर पूर्ण तुंबलेला सापडला तर तो साफ करा, सगळं पुसा आणि आठवडाभर गाडी वापरा. सील अजून शाबूत असेल तर गळती आपोआप बंद होते. पाना हातात घेण्याची गरजच उरत नाही.

ऑइलची पातळी आणि तब्येत

गाडी सपाट जागी, ॲक्सल गार. इथे एक नियम कधीही मोडायचा नाही: ड्रेन प्लगला हात लावण्याआधी फिलर प्लग उघडतो का ते बघा. ऑइल काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून बसलाय हे नंतर कळलं, तर गाडी जागेवर अडकली.

बहुतेक डिफरेन्शियलमध्ये पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असते. काही गाड्यांत ती कडेच्या थोडी खाली ठेवायला सांगितलेली असते, म्हणून मॅन्युअल बघा. प्लग उघडल्याबरोबर ऑइल भळाभळा बाहेर आलं तर ते जास्त भरलेलं होतं. जास्तीचं ऑइल गिअरने घुसळलं जातं, फेस होतो, तापतं आणि शाफ्टच्या तोंडाशी सतत साचून राहतं. जास्तीचं गळून जाऊ द्या, प्लग लावा आणि पुन्हा निरीक्षण करा.

वाकडं केलेलं बोट किंवा तार आत घालून थोडं ऑइल बाहेर काढा. चहाच्या रंगाचं किंवा काळपट असेल तर चालेल. दुधाळ, राखाडी असेल तर पाणी शिरलंय. पाणी सीलपेक्षा बेअरिंगचं जास्त नुकसान करतं, तेव्हा असं ऑइल एक दिवसही ठेवू नका. उन्हात धरल्यावर बारीक चमक दिसली, तर थोडी चमक आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावरची काळी, मऊ पेस्ट हे झिजेचं नेहमीचं लक्षण आहे. पण बोटाला टोचणारे कण, धातूचे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला तर इथेच थांबा. गाडी ओढून न्या, चालवत नेऊ नका.

गळती थांबवणारी औषधं बाटलीत मिळतात, त्याबद्दल नेहमी विचारलं जातं. ती जुनं रबर फुगवतात. सुकून आकसलेल्या सीलला काही दिवस दम मिळतो हे खरं. पण चर पडलेल्या शाफ्टला किंवा ढिल्या बेअरिंगला त्यांचा उपयोग नाही, आणि फुगलेलं रबर पुढे मऊ पडून लवकर फाटतं. मी ती वापरत नाही.

प्ले

आता जॅक लागेल. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, जमीन कडक आणि सपाट. गाडी उचलली की स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक वर आणि खाली, घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आलटून-पालटून ओढा-ढकला. प्ले जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हबचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे नकल ज्यांवर वळते ते सांधे. ३ आणि ९ वर हलवल्यावरच जाणवत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) बघा, त्याचा सीलशी संबंध नाही.

मग गाडीखालून सीव्ही शाफ्ट डिफरेन्शियलच्या तोंडाजवळ धरा आणि वर-खाली हलवा. आत-बाहेर थोडीशी हालचाल चालते, शाफ्टची बांधणीच तशी असते. वर-खाली मात्र हाताला स्पष्ट जाणवेल एवढा प्ले असता कामा नये. असेल तर शाफ्टला आधार देणारं बेअरिंग किंवा बुश झिजलंय. सील शाफ्टभोवती नेमक्या मध्यभागी बसलेलं असावं लागतं. शाफ्ट डगमगत फिरायला लागला की लिप एका बाजूला चेपते, दुसऱ्या बाजूला फट राहते. अशा गाडीत कितीही भारी सील घाला, टिकणार नाही. डावं-उजवं तुलना करून बघा, फरक लगेच कळतो.

याच पायरीवर आठवा की गाडीची उंची वाढवली आहे का. सस्पेंशन उचललं की सीव्ही शाफ्ट जास्त तिरके बसतात आणि त्यांचा ताण सील-बेअरिंगवर येतो.

सील बदलणं: घरी कुठपर्यंत जायचं

इथवर सगळं ठीक निघालं आणि गळती शाफ्टच्या तोंडातूनच आहे हे नक्की झालं, तरच हे काम. आणि त्याआधी आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते पक्कं करा.

सलग ॲक्सलमध्ये सील नळीच्या बाहेरच्या टोकाला असेल तर हब आणि शाफ्ट काढून ते बदलता येतं. पण अनेक सलग ॲक्सलमध्ये आतली सीलं डिफरेन्शियलच्या पोटातून बसवलेली असतात. त्यांच्यासाठी कव्हर काढून, बेअरिंग कॅप खोलून सगळा कॅरिअर, म्हणजे आतल्या गिअरांचा जुडगा, बाहेर काढावा लागतो. डाव्या-उजव्या बाजूचे शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) अदलाबदल झाले किंवा कॅप उलटी बसली तर क्राउन आणि पिनियन या मुख्य गिअरांचा मेळ बिघडतो आणि गिअरचा पूर्ण सेट बाद होऊ शकतो. कॅरिअर काढावा लागणारी गाडी घरी खोलू नका.

स्वतंत्र सस्पेंशनमध्येही एक अट आहे. शाफ्ट काढण्यासाठी खालचा बॉल जॉइंट सोडवावा लागत असेल आणि खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग दाबून बसवलेली असेल, तर त्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते. स्प्रिंग धरायचं योग्य अवजार आणि सराव नसेल तर ते काम सोडून द्या. वरचा बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड सोडवून नकल बाहेर झुकवता येत असेल तर घरी जमतं. पुढचं मुख्यतः या प्रकाराबद्दल आहे.

ॲक्सल नट, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावरचा मोठा नट, चाक जमिनीवर असताना, कुणी तरी ब्रेक दाबून धरलेला असताना ढिला करा. कित्येक गाड्यांत त्याचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या वर असतो. उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावला तर गाडी स्टँडवरून सरकू शकते. फक्त ढिला करायचा, काढायचा नाही. नट सुटलेला असताना चाकावर गाडीचं वजन टाकलं किंवा गाडी ढकलली तर हबच्या बेअरिंगचे दोन भाग एकमेकांपासून सरकतात.

गाडी उचला, चाक काढा. ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने चासीला टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका. एबीएसची वायर क्लिपांतून मोकळी करा, नाहीतर नकल झुकवताना ती ताणून तुटते. ऑइल काढून घ्या.

शाफ्टचा आतला सांधा डिफरेन्शियलमध्ये बहुतेक वेळा एका सर्क्लिपने (तारेच्या उघड्या कड्याने) अडकलेला असतो. सांधा आणि केसिंग यांच्या मध्ये चपटी पहार घालून एक झटका द्या, निघत नसेल तर शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा. शाफ्ट मधोमध धरून ओढायचा नाही. आतला सांधा बुटाच्या आतच उखडतो आणि मग एक सीलचं काम सोडून दुसरंच काम अंगावर येतं. पहार सीलच्या बाजूला, बोअरच्या, म्हणजे सील बसतं त्या भोकाच्या, कडेवर टेकवू नका. काही गाड्यांत शाफ्ट बोल्टच्या फ्लँजने जोडलेला असतो, तिथे आधी बोल्ट, मग आतला छोटा शाफ्ट.

शाफ्ट बाहेर आला की सीलकडे जाण्याआधी शाफ्ट पुसा. सील जिथे घासतं तिथे एक चकचकीत कडं दिसेल. त्यावर आडवं नख फिरवा. नख गुळगुळीत सरकलं तर उत्तम. नख अडलं तर चर पडलाय आणि नवं सील त्या चरातूनच गळणार. धातू झिजवते ती लिपखाली अडकलेली धूळ-माती, हे लोकांना पटत नाही. पण नख खोटं बोलत नाही. उपाय तीन: शाफ्टवर बसणारी पातळ स्टीलची दुरुस्ती स्लीव्ह, नवा शाफ्ट, किंवा बोअरमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवून लिप कोऱ्या पृष्ठभागावर आणणं. तिसरा उपाय फुकटचा आहे, पण आत ऑइल येण्याचं भोक सीलने झाकलं जात नाही ना, याची खात्री करूनच. पॉलिश पेपरने चर घासून काढायच्या भानगडीत पडू नका. शाफ्टची जाडी कमी होते आणि लांबीच्या दिशेने ओरखडे पडले तर ऑइलला बाहेर यायला वाट मिळते.

जुनं सील काढण्याआधी ते बोअरच्या तोंडापासून किती आत आहे ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा आणि फोटो काढा. मग सील पुलरने किंवा वाकड्या टोकाच्या अवजाराने काढा. टोक नेहमी सीलच्या धातूवर, बोअरवर कधीच नाही. काढलेलं सील फेकू नका, ते बरंच काही सांगतं. लिप सगळीकडे सारखी कडक, तडकलेली असेल तर उष्णता किंवा वय. एकाच बाजूला झिजली असेल तर शाफ्ट मध्यभागी फिरत नाही. एक स्वच्छ काप असेल तर मागच्या वेळी बसवताना स्प्लाइनने, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांनी, चिरली. लिपवरची बारीक गोल स्प्रिंग जागेवर नसेल तर ती ठोकताना उडाली.

नवं सील जुन्याशी ताडून बघा. सीलवर मापं छापलेली असतात. ४०-६२-१० म्हणजे शाफ्ट ४०, बोअर ६२, जाडी १० मिलिमीटर. काही सीलांच्या लिपवर तिरप्या रेघा असतात आणि वर बाण असतो. त्या रेघा फिरत्या शाफ्टबरोबर ऑइल आत ढकलतात, त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूचं सील वेगळं असतं. उलट्या बाजूला लावलं तर तेच सील ऑइल बाहेर काढतं.

बोअर पुसून कोरडी करा, धातूची खरखरीत टोकं वर आली असतील तर बारीक पॉलिश पेपरने फक्त तेवढीच काढा. सीलची बाहेरची कड धातूची असेल तर सीलंटचा अगदी पातळ हात फिरवा. रबराची असेल तर नुसतं ऑइल लावा. लिपवर ग्रीस लावा आणि स्प्रिंगच्या मागच्या खाचेतही ग्रीस दाबून भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. पांढरट किंवा काळ्या, कडक पीटीएफई (टेफ्लॉन) लिपचं सील असेल तर त्याला ग्रीस लावायचं नाही, ते कोरडंच बसतं.

स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे. सीलच्या बाहेरच्या व्यासाला जवळपास तंतोतंत बसेल असा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घ्या. एकाच जागी ठोकू नका. हलक्या हाताने, गोल फिरत, समोरासमोर. बोअरला पायरी असेल तर सील टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ होता तो घट्ट येतो. पायरी नसेल तर मघाचं माप कामाला येतं. शेवटी चार जागी मोजा, चारही मापं सारखी यायला हवीत. तिरपं बसलेलं सील लवकरच गळतं.

शाफ्ट आत घालताना सर्वात जास्त सीलं मरतात. स्प्लाइनवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, स्प्लाइन लिपच्या पुढे गेल्यावर ती बाहेर ओढून घ्या. शाफ्टचं वजन दोन्ही हातांनी पेला, क्षणभरही सीलवर टेकू देऊ नका. सलग ॲक्सल असेल तर आधी नळी आतून चिंधीने पुसून काढा. नळीत साचलेली माती-गंज शाफ्टच्या टोकाने ढकलला जाऊन थेट नव्या लिपवर जातो. सर्क्लिप नवी घाला. बसली की टक् होतं, मग सांधा धरून थोडा ओढून बघा.

बाकीचं उलट्या क्रमाने. ॲक्सल नट नवाच, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. ऑइल जे सांगितलंय तेच, अनेक गाड्यांत जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९०. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत काही वेळा दाबा. कॅलिपर काढला होता हे विसरून गिअर टाकणारे असतात.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

ऑइलमध्ये धातूचे तुकडे असतील, डिफरेन्शियलमध्ये प्ले असेल, कॅरिअर काढावा लागत असेल, बोअरला तडा किंवा खोल ओरखडा असेल, किंवा स्प्रिंगवरचा ताण सोडवावा लागत असेल तर. ॲक्सल नट लांब दांड्यानेही हलत नसेल तर पाइपावर पाइप चढवत बसू नका, एअर गन असलेल्याकडे न्या. ऑइल ब्रेक पॅडवर गेलं असेल तर पॅड बदलाच. जाळून, घासून ते पुन्हा पूर्ण पकड देत नाहीत. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने साफ होते.

बहुतेक मोठ्या मालवाहू ट्रकच्या पुढच्या ॲक्सलला जोर नसतो. तिथे गळतं ते हबचं सील, आणि त्याबरोबर बेअरिंगचा ताण नेमका लावावा लागतो. चुकला तर चाक तापतं, जाम होतं किंवा निघून जातं. हब-ड्रमचं वजनही एकट्याने पेलण्यासारखं नसतं. ते काम वर्कशॉपचंच.

नंतर

पहिले दोन-चार दिवस खाचाखोचांत उरलेलं जुनं ऑइल टपकतं, घाबरू नका. पुसत राहा. ५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा टॉर्कने तपासा आणि ऑइलची पातळी बघा. काढलेलं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

हब लॉक करून फोर बाय फोर घालायची सोय असलेल्या गाडीत हब सोडलेले असताना पुढचे शाफ्ट महिनोन्महिने फिरतच नाहीत. लिप एकाच जागी सुकून शाफ्टला चिकटते आणि पुढच्या वेळी फोर बाय फोर टाकलं की फाटते. महिन्यातून एकदा कच्च्या, सैल मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर बाय फोरमध्ये सरळ चालवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर नको, तिथे पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ताण ॲक्सलवर येतो.